तेवीस जातींच्या यादीची वंशावळ

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक पत्र पाठविले. कुत्र्यांच्या २३ जाती मानवी जीवितास धोकादायक आहेत. त्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, त्यांना परवाने देऊ नयेत, आणि ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीपासून आहेत त्यांनी त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय होता. महिना उलटण्याआधीच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरविले आणि पुढच्या आठवड्याभरात दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बाजूला सारले. बातमीपुरता विषय तिथे संपला. परंतु ती यादी मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एकदा नीट वाचावी अशी आहे, कारण वर्गीकरण कसे करू नये याचे इतके चांगले उदाहरण सरकारी कागदावर क्वचितच सापडते.

यादीत ‘तोसा इनू’ आहे, आणि काही नावे ओलांडल्यावर पुन्हा ‘जॅपनीज तोसा’ आहे. ही दोन्ही नावे एकाच कुत्र्याची. जपानच्या शिकोकू बेटावरील जुन्या तोसा प्रांतात, मेइजी काळात, स्थानिक कुत्र्यांचा युरोपीय मॅस्टिफ वगैरे जातींशी संकर करून झुंजीसाठी हा कुत्रा तयार करण्यात आला. यादीत नुसते ‘टेरियर्स’ असेही एक नाव आहे. टेरियर ही एक जात नव्हे, तो कितीतरी जातींचा समूह आहे. त्यात पिटबुल येतो तसा मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियरही येतो. ‘मॅस्टिफ’ हे नावही तसेच सैल. तुर्कस्तानातील कंगाल व अकबाश, बाल्कन प्रदेशातील शारप्लानिनात्स आणि टोर्न्याक हे मुळात मेंढ्या राखणारे कुत्रे. आपल्याकडील शहरांत ते किती जणांनी पाहिले असतील, हा प्रश्नच आहे. आणि यादीच्या अगदी शेवटी एक विलक्षण वाक्यांश येतो: सामान्यतः ‘बॅनडॉग’ म्हणून ओळखला जाणारा, त्या प्रकारचा प्रत्येक कुत्रा.

(येथे एक भाषिक खुलासा. त्या दिवसांत अनेक मराठी बातम्यांत ‘२३ प्रजातींवर बंदी’ असे छापून आले. प्रजाती म्हणजे जीवशास्त्रातील स्पीशीज. जगातील सारे पाळीव कुत्रे एकाच प्रजातीचे आहेत. गाईंच्या जशा गीर, डांगी, खिल्लार या जाती, तशाच या कुत्र्यांच्या जाती. हा फरक किरकोळ नाही. पुढे तोच कळीचा ठरतो.)

बॅनडॉग या शब्दाचा माग काढला तर आपण सोळाव्या शतकात जाऊन पोहोचतो. जॉन केयस या इंग्रज वैद्याने १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिन भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. १५७६ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यात मॅस्टिफलाच बॅनडॉग असेही म्हटले आहे. शब्दाचा अर्थ साधा आहे: बांधून ठेवलेला कुत्रा. दिवसा साखळीला, रात्री मोकळा. म्हणजे हे नाव वंशावरून पडलेले नाही, कुत्रा पाळण्याच्या रीतीवरून पडलेले आहे. आपल्या वाडीवस्तीवर राखणीसाठी दिवसभर दावणीला बांधलेला गावठी कुत्रासुद्धा या मूळ अर्थाने बॅनडॉगच.

मग हा शब्द २०२४ च्या दिल्लीतील पत्रात कसा आला? आयर्लंडने १९९८ साली कुत्र्यांच्या नियंत्रणासाठी जे नियम केले, त्यांतील जातींच्या यादीच्या शेवटी जवळजवळ याच शब्दरचनेत हेच शेपूट जोडलेले आहे. ऱ्होडेशियन रिजबॅक, अकिता, रॉटवायलर ही नावेही तेथे आहेत. आयर्लंडच्या नियमांत मात्र या कुत्र्यांवर बंदी नाही; सार्वजनिक ठिकाणी मुसके, आखूड मजबूत पट्टा आणि सोबत सोळा वर्षांवरील, कुत्रा आवरू शकेल अशी व्यक्ती, एवढीच अट आहे. माझे अनुमान असे, की आपली यादी वेगवेगळ्या देशांच्या याद्या एकमेकींना जोडून तयार झाली असावी आणि जोडताना एकाच कुत्र्याची दोन नावे दोन ठिकाणांहून आली. अनुमानच आहे; पण तोसा दोनदा येण्याचे याहून सोपे स्पष्टीकरण मला सुचत नाही.

या साऱ्या याद्यांची आद्य आजी म्हणजे ब्रिटनचा १९९१ चा ‘डेंजरस डॉग्ज ॲक्ट’. त्याआधी ब्रिटनमध्ये १८७१ चा एक छोटा कायदा होता, आणि तो आजही लागू आहे. एखादा विशिष्ट कुत्रा धोकादायक आहे व त्याच्यावर योग्य नियंत्रण नाही अशी तक्रार आली, की न्यायदंडाधिकारी त्याला नियंत्रणात ठेवण्याचा किंवा मारण्याचा हुकूम देऊ शकतो. कुत्र्याची जात कोणती हे तो कायदा विचारतच नाही. १९९१ च्या वसंतात लहान मुलांवर व प्रौढांवर काही भीषण हल्ले झाले, वृत्तपत्रे पेटून उठली, आणि गृहमंत्री केनेथ बेकर यांनी विलक्षण वेगाने नवा कायदा संमत करून घेतला. त्यात चार प्रकार होते: पिटबुल टेरियर, जॅपनीज तोसा, दोगो अर्जेंतिनो, फिला ब्राझिलेरो.

‘प्रकार’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण कायद्यातही तोच आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबने पिटबुलला जात म्हणून मान्यताच दिलेली नव्हती. मग जातीचा दाखला आणायचा कोठून? १९९३ साली न्यायालयाने निवाडा दिला, की ‘प्रकार’ हा ‘जाती’हून व्यापक आहे, अमेरिकेतील एका पैदासकार संघटनेने केलेल्या वर्णनातील बरीचशी लक्षणे ज्या कुत्र्यात दिसतील तो पिटबुल प्रकारचा मानावा. म्हणजे डोके किती रुंद, छाती किती खोल, शेपूट किती लांब. त्यावर कडी अशी, की कुत्रा त्या प्रकारचा आहे असा आरोप झाला तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. फौजदारी कायद्यात सिद्धतेचा भार असा उलटा फिरवणे ही साधी गोष्ट नव्हे.

याचा परिणाम काय होतो हे डेम्प्सी नावाच्या कुत्रीच्या खटल्यात दिसले. १९९२ साली लंडनमध्ये तिला नियमाप्रमाणे मुसके घालून फिरवायला नेले होते. वाटेत तिला उलटी होऊ लागली, म्हणून सोबतच्या माणसाने मुसके काढले. ते पोलिसांनी पाहिले. तिने कोणालाही चावा घेतलेला नव्हता. तरीही कायद्याप्रमाणे तिला ठार करण्याचा आदेश निघाला, कारण न्यायाधीशाला दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता. तीन वर्षे खटला चालला आणि १९९५ मध्ये एका तांत्रिक मुद्द्यावर ती सुटली. १९९७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन न्यायालयांना तारतम्य वापरण्याची मुभा मिळाली. तरी मूळ चौकट तीच राहिली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्या यादीत ‘एक्सएल बुली’ हा पाचवा प्रकार जोडला गेला, तेव्हा सरकारी व्याख्येत किमान उंची दिली: नर ५१ सेंटिमीटर, मादी ४८ सेंटिमीटर. बाकीची लक्षणेही जुळावी लागतात, पण त्या उंचीखालचा कुत्रा व्याख्येबाहेर. मापन हा ज्यांचा व्यवसाय आहे अशा माझ्यासारख्यांना हे वाचून हसावे की रडावे कळत नाही. पट्टीने उंची मोजता येते. पट्टीने स्वभाव मोजता येत नाही.

आता ‘जात’ म्हणजे तरी काय? आज आपण ज्यांना कुत्र्यांच्या शुद्ध जाती म्हणतो, त्यांचे नोंदणीकृत रूप दीडशे वर्षांपलीकडचे नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा, अमेरिकन केनेल क्लब १८८४ चा. ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बैल व अस्वले बांधून त्यांच्यावर कुत्रे सोडण्याच्या खेळांवर बंदी आली, आणि झुंजींचे शौकीन लपूनछपून कुत्र्यांच्याच झुंजी लावू लागले. बुलडॉग आणि टेरियर यांच्या त्या काळातील संकरांतून पुढे पिटबुल आला. अमेरिकेत १८९८ साली स्थापन झालेल्या युनायटेड केनेल क्लबने त्याची पिटबुल म्हणून नोंद घेतली. अमेरिकन केनेल क्लबला मात्र झुंजीची आठवण देणारे नाव नको होते. त्याने १९३६ साली जवळपास याच कुत्र्यांना ‘स्टॅफर्डशायर टेरियर’ म्हणून स्वीकारले व १९७२ मध्ये नावाआधी ‘अमेरिकन’ जोडले. एकाच रक्ताची दोन नावे, दोन वह्यांत. आपल्या २०२४ च्या यादीत ही दोन्ही नावे वेगवेगळ्या जाती म्हणून मोजलेली आहेत.

भारतीय परंपरेत धोकादायक जनावराचा विचार झालाच नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि याज्ञवल्क्य स्मृतीत शिंगांच्या व दातांच्या जनावरांविषयी नियम आहे: जनावर कोणावर धावून गेले असता, सोडविणे शक्य असूनही मालकाने त्या माणसाला सोडविले नाही, तर मालकाला दंड; आणि संकटातील माणसाने हाक मारली असूनही सोडविले नाही, तर दुप्पट दंड. जनावराच्या कुळाची चौकशी यात कोठेही नाही, मालकाच्या वर्तनाची आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २८९ हेही निष्काळजी मालकाविषयीच होते. आज भारतीय न्याय संहितेत ते कलम २९१ झाले आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कलमात दंडाची मर्यादा एक हजार होती, आणि ती १८६० पासून तशीच पडून होती!

स्थानिक हुकुमाची दुसरी परंपरा मात्र मुंबईची, आणि ती रक्तरंजित आहे. कंपनी सरकारच्या काळात शहरातील मोकाट कुत्री उन्हाळ्यात मारण्याचा नियम होता. रेबीजवर तेव्हा उपाय नव्हता. पाश्चरची लस यायला अजून पन्नासहून अधिक वर्षे होती. त्यामुळे भीती खोटी नव्हती. १८३२ साली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेण्यात आली. प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्याने शिपाई घरांच्या अंगणात शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले. ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, पारशी जमावाने शिपायांवर हल्ला चढविला. पारशी धर्मात अंत्यविधीच्या वेळी मृतदेहावर कुत्र्याची नजर पडणे आवश्यक मानले जाते. तेव्हा हा केवळ दयेचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, अन्य समाजांचे लोकही त्यात उतरले, गोऱ्या फौजेचा रसद-पुरवठा अडला आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. जमशेटजी जीजीभॉय प्रभृतींनी मध्यस्थी केली. १८३४ साली जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मुंबईची पांजरापोळ या प्रकरणातूनच जन्मली, आणि ती अजून चालू आहे. या हुकुमातील दोष लक्षात घ्या: बक्षीस मेलेल्या कुत्र्यांच्या संख्येवर होते, पिसाळलेल्या कुत्र्यांच्या संख्येवर नव्हते. मोजायला सोपे ते मोजले गेले.

तेच पुन्हा २०२२ पासून घडू लागले. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका पाळीव पिटबुलने घरातील वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला. हादरून जावे अशीच ती घटना होती. ऑक्टोबरमध्ये गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर व दोगो अर्जेंतिनो पाळण्यावर बंदी घातली. कानपूर व पंचकुला यांनी पहिल्या दोन जातींबाबत तसेच पाऊल उचलले. गुरुग्रामच्या ग्राहक मंचाने अकरा विदेशी जातींवर बंदी घालण्यास सांगितले. प्रत्येक शहराची यादी निराळी. दिल्लीत निषिद्ध नसलेला कुत्रा हिंडन नदी ओलांडली की निषिद्ध. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यासंबंधीच्या निवेदनावर तीन महिन्यांत निर्णय घ्या असे केंद्राला सांगितले, आणि त्या तीन महिन्यांच्या शेवटी वर सांगितलेले पत्र निघाले. घाईचे कारण हेच. न्यायालयांनी ते रद्द केले तेही जनुकशास्त्राच्या आधारे नव्हे. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणेच ऐकून घेतले गेले नाही, हा मुख्य आक्षेप होता. योग्य विचारविनिमय करून नव्याने निर्णय घेण्याची वाट मोकळी ठेवली गेली.

जनुकशास्त्र काय म्हणते? एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एलिनॉर कार्लसन यांच्या गटाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी वर्तनविषयक प्रश्नावली भरली होती आणि त्यांपैकी २,१५५ कुत्र्यांच्या डीएनएचा क्रम तपासला होता. कुत्र्याकुत्र्यांतील स्वभावाच्या फरकांपैकी सरासरी सुमारे ९ टक्केच जातीने समजावता येतात, असे निघाले. माणसाचे ऐकण्याची वृत्ती काही प्रमाणात जातीशी निगडित आढळली. पण कुत्रा किती सहज चिथावला जातो याबाबत जात जवळजवळ काहीच सांगत नव्हती. हा अभ्यास मालकांच्या उत्तरांवर उभा आहे, हे ध्यानात ठेवावे. ९ टक्के म्हणजे शून्यही नव्हे. पण एका कुत्र्याविषयी भाकीत करायला ते पुरेसे नाही.

जात ओळखायची कशी, हा वेगळाच घोळ. फ्लोरिडातील चार निवाऱ्यांत १२० कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात कर्मचाऱ्यांपैकी कोणी ना कोणी ६२ कुत्र्यांना पिटबुल वर्गात टाकले; डीएनए चाचणीत तसे निघाले २५. हे रोज कुत्रे हाताळणाऱ्या लोकांचे डोळे. महापालिकेच्या श्वानपथकाकडून याहून अधिक अचूकतेची अपेक्षा आपण कशाच्या बळावर करणार?

बंदीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मला नाकारता येत नाही. त्यांचे म्हणणे असे, की प्रश्न चावण्याच्या शक्यतेचा नसून चावल्यानंतरच्या इजेचा आहे. पामेरियन चिडला तर टाके पडतील. पन्नास किलोचा, पकड न सोडणारा कुत्रा चिडला तर मूल मरेल. जोखीम म्हणजे संभाव्यता गुणिले हानी, आणि हानीचा आकडा मोठा असेल तर लहान संभाव्यताही सहन करता येत नाही. हा तर्क बरोबर आहे. पण त्यातून निघणारा नियम वजनाचा, ताकदीचा, प्रशिक्षणाचा, मुसक्याचा, कुंपणाचा आणि मालकाच्या विम्याचा निघतो. नावांच्या यादीचा नव्हे.

शिवाय यादी उपयोगी पडली की नाही हे तपासायचे कसे, याचा विचार आधीच करावा लागतो. समजा, एखाद्या शहरात वर्षाला १०,००० चावे नोंदले जातात आणि त्यांतील १ टक्का यादीतील कुत्र्यांचे आहेत. बंदी शंभर टक्के यशस्वी झाली तरी चावे ९,९०० होतील. निव्वळ यदृच्छेनेच अशा मोजणीत वर्षागणिक शंभरेक इकडेतिकडे होतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण ऋतू, नोंदणीची शिस्त, कचरा हे सारे बदलत असते. परिणाम गोंगाटात बुडून जाणार. नेदरलँड्सने १९९३ साली पिटबुलसदृश कुत्र्यांवर बंदी घातली आणि चाव्यांची संख्या घटली नाही असे आढळल्यावर २००८ साली ती मागे घेण्याचे ठरविले. पंधरा वर्षे लागली. अमेरिकेतील डेन्व्हर शहराने १९८९ ची पिटबुल-बंदी २०२० च्या मतदानाने उठवून तिच्या जागी परवाना-पद्धत आणली.

आपल्याकडील आकडे पाहिले तर प्रमाणाची जाणीव होते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात ३७,१७,३३६ श्वानदंश नोंदले गेले. २०१९ च्या पशुगणनेत मोकाट कुत्र्यांची संख्या सुमारे १.५३ कोटी होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणानुसार देशात रेबीजने दरवर्षी अंदाजे ५,७२६ माणसे मरतात. रेबीजचा विषाणू जात पाहत नाही; त्याला रोखते ती कुत्र्यांना दिलेली लस, आणि चावा बसल्यावर लगेच पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुतलेली जखम व वेळेवर घेतलेली इंजेक्शने. ३७ लाखांच्या त्या आकड्यात कोणता चावा पाळीव कुत्र्याचा, कोणता मोकाट, कोणता कुठल्या जातीचा, ही फोड दिलेली नाही.

मे २०२४ मध्ये केंद्राने हरकती व सूचना मागविणारी जाहीर सूचना काढली. २०२५ मध्ये गोवा विधानसभेने हिंस्र जातींवर बंदी घालण्याचा आणि पीडितांना भरपाई देण्याचा मार्ग खुला करणारे विधेयक संमत केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील मोकाट कुत्र्यांविषयी दिलेल्या सुधारित आदेशात लस टोचून व निर्बीजीकरण करून कुत्री मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. अपवाद केला तो पिसाळलेल्या आणि आक्रमक वर्तन दाखविणाऱ्या कुत्र्यांचा. आक्रमक कोणाला म्हणायचे आणि ते कोणी, कसे ठरवायचे, हे काम आता पालिकांच्या पशुवैद्यकांकडे आले आहे.